कितवी आलीस? (४२ किलोमीटर, ६ तास ४१ मिनिटं)

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. गेली कित्येक वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची फुल मॅरेथॉन पूर्ण केली. ४२.१९५ किलोमीटर, ६ तास ४१ मिनिटं. वय ४८. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. रविवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाले, सोमवारी सकाळी घरी पोचले आणि दहाला दुकानाचं शटर वर केलं. लग्नसराईची कामं अंगावर होती, सुट्टी परवडत नाही. मांड्या इतक्या धरल्या होत्या की मशीनवरून उठताना टेबलाला दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागत होता.

पहिलंच गिऱ्हाईक आलं, आमच्याच गल्लीतल्या काकू. पेढे दिले. म्हणाल्या, "लई भारी गं! कितवी आलीस?"

संध्याकाळपर्यंत हा प्रश्न मला अकरा जणांनी विचारला. दुधवाल्याने, सोसायटीच्या वॉचमनमामांनी, शाळेतल्या मैत्रिणीने फोनवर. कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. आपलं गावच असं आहे. खासबागेत शाहू महाराजांनी १९१२ साली कुस्तीचं मैदान उभारलं तेव्हापासून आपल्याला निकाल बघायची सवय आहे. पाठ लागली की लागली. फुटबॉलला पेठेची टीम हरली तर दोन दिवस कट्ट्यावर कुणी नीट बोलत नाही. मीही त्यातच वाढले, त्यामुळे प्रश्नाचा राग आला नाही. फक्त उत्तर देता येईना. माझ्या पुढे हजारो होते, एवढंच मला माहीत. आकडा बघितलाच नव्हता. आणि तरीही आत असं काहीतरी भरून आलं होतं, जे दहावीच्या निकालाला नाही, दुकान सुरू केलं त्या दिवशीही नाही, असं कधीच आलं नव्हतं. ते काय होतं ते शोधायला लिहितेय.

सुरुवात २०२१ ची. बसून काम, साखर काठावर, डॉक्टर म्हणाले चाला. पहाटे सव्वापाचला रंकाळा तलावावर जायला लागले. पहिले चार महिने नुसती चालले. मग एकदा थंडीने हात आखडले म्हणून एका दिव्याच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पळाले. तेवढ्यात धाप लागली. दुसऱ्या दिवशी परत तेवढंच. महिन्याने दोन खांब. असं करत सात महिन्यांनी पूर्ण फेरी न थांबता झाली. त्या दिवशी संध्यामठाच्या बाजूला कठड्यावर बसून मी एकटीच रडले. बगळे होते फक्त.

मग विद्यापीठाच्या आवारात रविवारी पळणारा एक ग्रुप भेटला. दहा किलोमीटर, मग हाफ (अर्धी मॅरेथॉन, २१ किलोमीटर). पण एक गोष्ट कधी बदलली नाही: मी मागेच असते. प्रयत्न केला नाही असं नाही. इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं सावकाश) केले, चढ केले, सहा किलो वजन उतरवलं. हाफच्या वेळेत बारा मिनिटं कमी झाली आणि तिथेच थांबली. माझी चाल ती आहे.

आणि मागे असण्याचं दुःख काय असतं तेही लिहिते, नाहीतर हे सगळं गोडगोड वाटेल. एका स्पर्धेत (नाव लिहीत नाही) हाफला शेवटच्या पाच किलोमीटरला पाण्याची टेबलं उचललेली. रस्त्यावर नुसते चेंगरलेले कागदी कप. शेवटी पोचले तर कमानीतली हवा सोडत होते, ती लाल कमान रस्त्यावर लोळत होती. मेडल पोत्यात भरलेली. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, कार्यक्रम संपला." मी म्हणाले, माझा आत्ता संपतोय. त्याने पोत्याची गाठ सोडून मेडल दिलं, पण बाकीचे हसत होते. घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं नाही. आठ दिवस पळायला गेले नाही.

आता मुंबई. पहाटे अंधारात सुरुवात. माझी सगळी तयारी एकाच आकड्यावर होती: किलोमीटरला साडेनऊ मिनिटं, चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. पहिल्याच किलोमीटरला लोक दोन्ही बाजूंनी पूर यावा तसे पुढे गेले. जाऊ दिले. सी लिंकवर असताना उजाडलं. वेगवान मंडळी तिथून अंधारात गेली असणार. मला मात्र उजव्या हाताला पाण्यापलीकडच्या इमारती एकेक करत करड्याच्या गुलाबी होताना दिसल्या, आणि वाऱ्यात केबलींचा हलका आवाज. तेवढ्यापुरतं मला माझ्या वेगाचं फार बरं वाटलं.

तीस किलोमीटरनंतर अंग बोलायला लागलं. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख बुटात टोचत होतं. परतीला, ३५ च्या पुढे, पेडर रोडचा चढ. ऊन आलेलं. तिथे फुटपाथवर एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात संत्र्याच्या सोललेल्या फोडी, वर मीठ भुरभुरलेलं. बिया काढलेल्या. हे मी नीट बघितलं, एकेक बी काढलेली. किती वेळ लागला असेल! त्यांनी दोन फोडी माझ्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "सावकाश जा." कुणीतरी "पळा, पळा" म्हणण्याऐवजी सावकाश जा म्हणालं, हे आयुष्यात पहिल्यांदा. त्या सकाळपासून तिथे बसलेल्या होत्या आणि पुढे गेलेल्या हजारोंनंतरही डब्यात माझ्यासाठी फोडी होत्या.

शेवटचे पाच किलोमीटर मी आठवून सांगू शकत नाही इतके साधे गेले. पाऊल, पाऊल. हेम घालताना मधे वर बघितलं की टाका चुकतो, तसं. कमान उभी होती, हवा भरलेली. मेडल एका कॉलेजच्या मुलीने गळ्यात घातलं.

मंगळवारी आईकडे गेले. आई ७४ वर्षांची. गेली तीसेक वर्षं माघातल्या रविवारी ज्योतिबाचे खेटे घालते, अनवाणी, कोल्हापुरातून वाडी रत्नागिरीच्या डोंगरापर्यंत चालत. तिला मेडल दाखवलं. तिने ते हातात घेऊन वजन बघितलं, मग विचारलं, "नीट पोचलीस न्हवं?" म्हटलं, पोचले. "झालं तर मग," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

तेव्हा मला लक्षात आलं की आईला डोंगरावरून आल्यावर कुणीही, कधीही, किती तास लागले ते विचारलेलं नाही. कितवी आलीस असंही नाही. लोक विचारतात, दर्शन झालं का? आणि तिच्या तोंडावर तेव्हा जे असतं ते सोमवारी माझ्या तोंडावर होतं, असं मला वाटतं.

तुम्ही हळू पळणारे, चालणारे, सायकलवाले असाल तर तुमचं लिहा. कशात समाधान मिळतं? की मीच स्वतःची समजूत घालतेय?

---

उसाचा_फड

ताई, नाद खुळा! संत्र्याच्या फोडीला डोळ्यात पाणी आलं. बाकी रात्री सविस्तर लिहितो, आत्ता कारखान्यावर आहे.

---

सव्वातीन

अभिनंदन. कष्टांबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडतो. मी स्वतः फुल ३ तास १८ मिनिटांत करतो आणि त्यासाठी सहा वर्षं आठवड्याला ७० किलोमीटर पळतोय. मॅरेथॉन ही शर्यत आहे. घड्याळ हा तिचा भाग आहे, बाहेरून चिकटवलेली गोष्ट नव्हे. "पूर्ण केली हेच खूप" हे सगळ्यांनीच म्हणायचं ठरवलं तर मेहनतीला अर्थ काय उरतो? खेट्यांना वेळ लावत नाहीत कारण ती भक्ती आहे. दोन्हीची सरमिसळ करू नये असं मला वाटतं. तुम्हाला दुखवायचं नाही, पण तुम्हीच शेवटी प्रश्न विचारलात म्हणून लिहिलं.

---

पहाटपाखरू

@सव्वातीन, तुमचे ७० किलोमीटर मान्य. पण साडेसहा तास उन्हात पायांवर राहणं ही वेगळी मेहनत आहे, कमी नाही. तुम्ही आंघोळ करून नाश्त्याला बसता तेव्हा आम्ही पेडर रोड चढत असतो.

---

जुना_तालीमगडी

मी कधी पळालो नाही, पण तालमीत दहा वर्षं काढली म्हणून लिहितो. वय ६६.

आमच्या तालमीत पन्नास पोरं असायची. मैदानात नाव व्हायचं ते दोघा-तिघांचं. बाकीची आम्ही सगळी पहाटे चारला उठून माती उकरायचो, तिच्यात हळद, ताक, तेल मिसळायचो, जोर-बैठका काढायचो. मी खासबागेत एकूण सात वेळा उतरलो, तीन मारल्या, दोन हरलो, दोन बरोबरीत सुटल्या. आज मला त्या तीन जिंकलेल्या फार आठवत नाहीत. आठवते ती एक बरोबरीची. समोरचा पोरगा माझ्यापेक्षा वीस किलो जड. पंचवीस मिनिटं त्याला पाठ लावू दिली नाही. शेवटी पंचांनी सोडवली. वस्ताद काही बोलले नाहीत, फक्त स्वतःच्या हाताने माझ्या पाठीवरची माती झाडली. चाळीस वर्षं झाली, तो हात अजून पाठीवर आहे.

सव्वातीन म्हणतात ते खोटं नाही. निकाल हवाच, नाहीतर तालीम ओस पडेल. पण ताई, तुम्ही समजूत घालत नाही आहात. तुमच्या आजींनी फोडी दिल्या तो वस्तादांचाच हात.

---

रंकाळाकाठ

काका, काय लिहू. दुकानात बसून वाचलं, समोर गिऱ्हाईक होतं, तोंड फिरवावं लागलं.

@सव्वातीन, राग अजिबात नाही. उलट बरं झालं लिहिलंत, कारण मलाही घड्याळ नको आहे असं नाही. माझ्या हातात ते होतंच. साडेनऊची चाल मी ४२ किलोमीटर धरून ठेवली, ती धरायला वर्षभर तयारी केली. पहिल्या वीसला लोक पुढे जाताना पाय आपोआप उचलतात, तो मोह आवरणं मला चढापेक्षा जड गेलं. फक्त त्या घड्याळात दुसऱ्या कुणाचा आकडा नव्हता. कमान तुमच्यासाठी आहे तशी माझ्यासाठी पण उभी राहावी, एवढंच.

---

सव्वातीन

हे पटलं. पाण्याची टेबलं उचलण्याबद्दल मात्र माझं काहीच दुमत नाही. फी सगळ्यांनी सारखी भरलेली असते आणि जाहीर केलेल्या कट-ऑफपर्यंत (शर्यत संपवायच्या शेवटच्या वेळेपर्यंत) पाणी, डॉक्टर आणि रस्ता मिळणं हा हक्क आहे. पुढच्या वेळी मी लवकर संपवून मागे टेबलावर उभा राहीन. खरंच.

---

बेळगाव_नाका

दोन गोष्टी सांगतो, मला या खेळाच्या इतिहासाचं वेड आहे.

एक, आपल्या जवळची. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला आपल्या देशातून मॅरेथॉन धावलेल्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. १९ वे आले, २ तास ५० मिनिटं. बोटीने इतक्या लांब जाऊन, १९ वा नंबर. त्यांनाही परत आल्यावर कुणीतरी "कितवा आलास" विचारलं असेलच. पण शंभर वर्षांनी आपण नाव घेतोय.

दुसरी शिझो कानाकुरीची. जपानचा हा धावपटू १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकला धावला. भयंकर उकाडा होता. अर्ध्या वाटेत तो कोसळला, एका कुटुंबाने त्याला बागेत बसवून प्यायला दिलं. तो शरमेने कुणाला न सांगता मायदेशी निघून गेला आणि स्वीडनच्या दप्तरी बेपत्ता राहिला. १९६७ मध्ये त्याला परत बोलावलं आणि ७५ व्या वर्षी त्याने ती शर्यत पूर्ण केली. अधिकृत वेळ: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २० सेकंद. मधल्या काळात तो आणखी दोन ऑलिम्पिकमध्ये धावला होता, जपानमध्ये मोठं नाव होतं. तरी ती राहिलेली कमान गाठायला म्हातारपणी आला. पुढे काय लिहायचं ते सुचत नाही, मला तो माणूस फार आवडतो.

---

नाडीपरीक्षा

पेशाने डॉक्टर. समाधानाबद्दल वरच्यांनी छान लिहिलंय, मी हळू पळणाऱ्यांच्या एका खऱ्या धोक्याबद्दल लिहितो, कारण उत्साहाने बरेच जण नाव नोंदवतील.

आपल्याला वाटतं जास्त वेळ रस्त्यावर म्हणजे जास्त पाणी प्यावं. इथेच घात होतो. तहान नसताना प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास नुसतं पाणी रिचवलं की रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले होते, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, बरळणं अशी लक्षणं दिसली तर आणखी पाणी पाजू नका, वैद्यकीय तंबूत न्या. तहान लागेल तसं प्या, सोबत मीठ असलेलं काहीतरी खा. त्या आजींचं मीठ लावलेलं संत्रं शास्त्राला धरूनच होतं.

तीस किलोमीटरनंतर पाय शिशाचे होतात त्याचंही कारण साधं आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तिथवरच पुरते. म्हणून दर पाऊण तासाला थोडं खात राहायचं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लांब पल्ला करू नये.

---

निळा_डबा

ताई, व्यावहारिक प्रश्न. मी ४१, दोन मुलं, बँकेत नोकरी. पहाटे अंधारात एकटीने पळताना भीती नाही वाटत? कुत्री? आणि पळतानाचं खाणं काय? ते पळताना खायचं गोड एनर्जी जेल मला पचत नाही.

---

रंकाळाकाठ

@निळा_डबा, भीती वाटते. रंकाळ्यावर सव्वापाचला माणसं असतात, तिथे ठीक. लांब पल्ल्याला मी एकटी जात नाही, तिघी आहोत. सर्वात लांब ३२ किलोमीटर केलं ते शिवाजी पुलावरून आंबेवाडी, केर्ली, वाघबीळच्या अलीकडून परत. त्या रस्त्याला हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे दिवा नसलेल्या. अंगावर चमकणारी पट्टी आणि रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारं वाहन दिसेल असं पळायचं. कुत्रं अंगावर आलं की पळणं थांबवून उभं राहायचं आणि खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं. मी आजवर एकदाही खरा दगड उचलला नाही.

खाणं: खजुरातली बी काढून आत चिमूटभर मीठ भरते, सहा-सात पिशवीत. आणि गुळाचा खडा, आपल्याकडे त्याला तोटा नाही. जेल मलाही नको वाटतं. मांड्या आणि काखेत व्हॅसलीन न विसरता, नाहीतर आंघोळीच्या वेळी किंकाळी निघते. बूट अर्धा नंबर मोठा घ्या. मी घेतला नव्हता, नख काळं पडलं.

चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं ही पद्धत जेफ गॅलोवेची. तो १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेला माणूस, आणि त्याने लोकांना मधे मधे चालायला शिकवलं. दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधीच चालायचं, पहिल्या किलोमीटरपासून. हे कळायला मला दोन वर्षं लागली. तुम्ही रविवारी विद्यापीठात या, शोधू नका, सगळ्यात मागे असते.

---

उसाचा_फड

रात्री लिहितो म्हटलेलं, आज जमलं.

रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असेल. आमची आज्जी सांगायची, तो नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो. मी लहानपणी तिला विचारलं होतं, मग तो पोचणार कधी? आज्जी म्हणाली, त्याला घाई न्हाई. ताई, तुम्ही त्याच्याच शेजारी सराव करता, एवढंच म्हणायचं होतं.

माझं स्वतःचं. वडील गेल्यावर दीड वर्ष झोप नव्हती. रात्री नुसता छताकडं बघत पडायचो. एका मित्रानं ओढून कळंबा तलावावर पळायला नेलं. पाच किलोमीटर, पन्नास मिनिटं. अजूनही पाच किलोमीटरला पंचेचाळीस लागतात, मॅरेथॉनच्या वाटंला जाणार न्हाई. पण त्या पंचेचाळीस मिनिटांत वडलांशी बोलतो. त्यांना ऊस किती लागला, उतारा किती पडला, पोरगी काय शिकते, सगळं सांगतो. जोरात पळालो तर श्वास पुरत न्हाई बोलायला. म्हणून सावकाश पळतो.

---

पहाटपाखरू

🙏

---

जुना_तालीमगडी

गड्या, वडील ऐकत असणार.

---

निळा_डबा

आज पहाटे गेले. रंकाळ्यावर. चार खांब.

---

रंकाळाकाठ

चार! माझा पहिल्या दिवशी एक होता.

मंडळी, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आईला हा धागा काल वाचून दाखवला. काकांची कुस्ती तिला दोनदा ऐकायची होती. कानाकुरीवर म्हणाली, "बिचाऱ्याला पन्नास वर्षं बोचत असंल."

या रविवारी तिचा खेटा आहे. इतकी वर्षं मी दुकानाचं कारण सांगून टाळलं, यंदा सोबत जाते. तिने अट घातली आहे: चप्पल नाही, घड्याळ नाही आणि तिच्या पुढे जायचं नाही. काळं पडलेलं नख अजून दुखतंय, चिंध्या बांधून बघते. कुणाला यायचं असेल तर पहाटे चारला शिवाजी पुलाच्या अलीकडे थांबतो. सोबत गूळ-शेंगदाणे मी आणते, पाणी आपापलं.

---

सव्वातीन

मी येतो. मागेच चालेन.